आफ्रिकेच्या रानात सहकुटुंब : मसाई माराची सफर आणि तिचे भान

‘सफर’ आणि ‘सफारी’ ही एकाच अरबी शब्दाची दोन अपत्ये. पहिले फारसीच्या वाटेने मराठीत आले, तर दुसरे पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील स्वाहिली भाषेत रुजले. स्वाहिलीत सफारी म्हणजे कोणताही प्रवास. इंग्रज शिकाऱ्यांनी तो शब्द बंदुकीला जोडला आणि पुढे पर्यटनाने कॅमेऱ्याला. केनियात १९७७ पासून शिकारीवर बंदी आहे. तरीही सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा आणि रानरेडा या पाच प्राण्यांना लाभलेले ‘बिग फाइव्ह’ हे बिरुद शिकारीच्याच काळातले आहे. पायी शिकार करण्यास सर्वांत अवघड व धोकादायक अशा प्राण्यांची ती यादी होती.

महाराष्ट्र आणि गोव्यातील पर्यटन संस्थांच्या माहितीपत्रकांत केनिया हे नाव आता नवे राहिलेले नाही. आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत तीन पिढ्या एकाच गाडीतून सिंह पाहायला निघाल्याचे दृश्य मसाई माराच्या माळरानावर दिसते. अशा सहलीची तयारी मात्र बहुधा विमानाचे तिकीट, निवास आणि कॅमेरा यांपाशी थांबते. ऋतू, लसीकरण, मुलांचे वय, रानातील वागणूक आणि ज्यांच्या भूमीवर हे प्राणी जगतात त्या माणसांशी आपल्या खर्चाचे नाते, या पाच गोष्टींचा विचार केल्यास सहल सुरक्षित तर होतेच, शिवाय तिचा लाभ त्या रानालाही पोहोचतो.

माळरान आणि त्यावरील महायात्रा

मसाई मारा हे राष्ट्रीय राखीव क्षेत्र केनियाच्या नैर्ऋत्य टोकास, टांझानियाच्या सीमेला लागून आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे १,५१० चौरस किलोमीटर, म्हणजे गोवा राज्याच्या निम्म्याहूनही कमी. सीमेपलीकडील सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यान १४,७६३ चौरस किलोमीटरचे, म्हणजे गोव्याच्या जवळजवळ चौपट. या दोहोंमध्ये कुंपण नाही. प्राण्यांच्या लेखी ते एकच माळरान आहे. मसाई लोकांच्या मा भाषेत ‘मारा’ या शब्दाचा अर्थ ठिपकेदार. गवताच्या अफाट विस्तारावर विखुरलेली झाडे, झुडपे आणि ढगांच्या सावल्या उंचावरून पाहिल्या की हे नाव किती नेमके आहे ते पटते.

या माळरानाची कीर्ती आहे ती वार्षिक स्थलांतरामुळे. बारा लाखांहून अधिक वाइल्डबीस्ट, त्यांच्या जोडीला सुमारे दोन लाख झेब्रे आणि असंख्य हरणे पावसाच्या व कोवळ्या गवताच्या मागे वर्षभर फिरत असतात. जानेवारी ते मार्च या काळात हे कळप सेरेंगेटीच्या दक्षिण भागात असतात. तेथे काही आठवड्यांतच लाखो वासरे जन्माला येतात. एकाच वेळी इतक्या माता विणे हीच त्यांची संरक्षणाची युक्ती होय. शिकारी प्राणी कितीही असले, तरी त्यांच्या भुकेला मर्यादा असते. जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत कळपांचा मोठा भाग मारात येतो आणि मगरींनी भरलेली मारा नदी ओलांडण्याचे ते प्रसिद्ध दृश्य याच काळात घडते. मात्र ते कोणत्या दिवशी, कोणत्या घाटावर घडेल याची हमी कोणी देऊ शकत नाही. काठावर तासन्‌तास थबकून कळप माघारी फिरल्याचेही पर्यटकांना पाहावे लागते. लहान मुलांना नेताना ही अनिश्चितता आधीच समजावून सांगितलेली बरी.

मारा नदी केनियातील माऊ वनक्षेत्रात उगम पावते आणि व्हिक्टोरिया सरोवराला मिळते. माऊतील जंगलतोडीचा परिणाम म्हणूनच दूरवरच्या या माळरानावर होतो. कोरड्या महिन्यांत लक्षावधी प्राण्यांना बारमाही पाण्याचा आधार याच नदीचा असतो.

शाळेची सुट्टी आणि तिकडचा ऋतू

मराठी कुटुंबाच्या सहलीचे वेळापत्रक शाळा ठरवते आणि नेमकी तेथेच गफलत होते. केनियात मार्च ते मे हा दीर्घ पावसाचा काळ. मे महिन्याच्या सुट्टीत मारात गेल्यास निवास स्वस्त मिळतो, गर्दी नसते. परंतु काळ्या मातीचे रस्ते चिखलाने भरतात, गवत कमरेएवढे वाढते आणि प्राणी दिसणे कठीण होते. स्थलांतराचे कळपही तेव्हा सीमेपलीकडे असतात. गणेशचतुर्थीच्या सुट्टीचे दिवस मात्र मारातील ऐन हंगामाशी जुळतात. दिवाळीच्या सुमारास कळप दक्षिणेकडे परतू लागलेले असतात आणि नोव्हेंबरात अल्पकालीन पाऊस सुरू होतो.

मे महिन्यातच जाणे भाग असेल, तर दक्षिण आफ्रिकेचा पर्याय अधिक सयुक्तिक ठरतो. तेथे तो काळ कोरड्या हिवाळ्याच्या आरंभाचा असतो. गवत विरळ होते, पाणवठे आटू लागतात आणि उरलेल्या पाण्यावर प्राणी गोळा होतात. क्रुगर राष्ट्रीय उद्यानाची स्थापना १९२६ ची आणि क्षेत्रफळ वीस हजार चौरस किलोमीटरच्या जवळपास. तेथे डांबरी रस्त्यांचे जाळे असल्याने कुटुंबाला स्वतःची गाडी चालवत फिरता येते. डांबरी रस्त्यावर ताशी ५० आणि खडीच्या रस्त्यावर ताशी ४० किलोमीटर ही तेथील वेगमर्यादा आहे. नेमून दिलेल्या जागांखेरीज गाडीतून उतरण्यास सक्त मनाई असते.

मुंबई ते नैरोबी हा थेट विमानप्रवास सुमारे सहा तासांचा. केनियाचे घड्याळ भारतापेक्षा अडीच तासांनी मागे असते. नैरोबीहून मारापर्यंत मोटारीने पाच-सहा तास लागतात आणि वाटेत महाखचदरीचे विराट दर्शन घडते. शेवटचा टप्पा खडबडीत असल्याने ज्येष्ठांसाठी विल्सन विमानतळावरून सुटणारी छोटी विमाने सोयीची. परंतु त्यांत माणशी साधारण १५ किलोच सामान आणि तेही मऊ पिशवीत न्यावे लागते. नैरोबीचे गोव्याशी जुने नाते आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी तेथे वैद्यकी करणारे गोमंतकीय डॉक्टर रोझेंदो रिबेरो माणसाळवलेल्या झेब्र्यावर बसून रुग्णांच्या भेटीस जात असत. मुलांच्या मनात हे शहर घर करून राहण्यास एवढी एक आठवण पुरेशी आहे.

लस, डास आणि कागदपत्रे

केनियात पीतज्वराचा, म्हणजेच यलो फीव्हरचा धोका असल्याने तेथून परतणाऱ्या प्रवाशाकडे लसीकरणाचे प्रमाणपत्र असणे भारताने सक्तीचे केले आहे. ते नसल्यास प्रवाशाला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवले जाऊ शकते. या कडक धोरणामागे ठोस कारण आहे. हा रोग पसरवणारा एडिस जातीचा डास भारतात सर्वत्र आहे. रोग मात्र येथे आजवर शिरलेला नाही. एका संसर्गित प्रवाशामुळे ही स्थिती पालटू शकते.

लस प्रवासापूर्वी किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या नियमांनुसार जुलै २०१६ पासून हे प्रमाणपत्र आजन्म वैध मानले जाते. ही लस कोणत्याही दवाखान्यात मिळत नाही. ती अधिकृत केंद्रांवरच घ्यावी लागते. गोव्यात मुरगाव येथील बंदर आरोग्य कार्यालय हे असे केंद्र आहे. लसीचे ठरावीक वारच असू शकतात, म्हणून निदान महिनाभर आधी चौकशी करावी.

तीन पिढ्यांच्या सहलीत खरी अडचण दोन टोकांना येते. नऊ महिन्यांखालील बाळांना ही लस सामान्यतः देत नाहीत आणि साठीपुढील व्यक्तींना ती प्रथमच देताना विशेष काळजी घ्यावी लागते. अंड्याची तीव्र ॲलर्जी, गर्भारपण किंवा क्षीण प्रतिकारशक्ती असल्यासही वैद्यकीय सल्ला अपरिहार्य ठरतो. तिकिटे काढल्यावर आजोबांना लस देता येत नाही असे कळणे, हा टाळता येण्याजोगा मनस्ताप आहे. अशा कुटुंबांनी पीतज्वराच्या यादीत नसलेल्या दक्षिण आफ्रिकेचा विचार करावा. मात्र वाटेत नैरोबी किंवा अदिस अबाबा येथे विमान बदलायचे असल्यास प्रमाणपत्राचे नियम पुन्हा लागू होऊ शकतात, हे तपासून घ्यावे.

दुसरा शत्रू हिवताप. आफ्रिकेत आढळणारा हिवताप बहुतांशी फाल्सिपेरम या घातक प्रकारचा असतो आणि लहान मुलांत तो झपाट्याने गंभीर रूप धारण करतो. मारा समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटर किंवा त्याहून उंच असले, तरी तेथे धोका नाही असे समजू नये. प्रतिबंधक गोळ्या वयानुसार व वजनानुसार ठरतात; डॉक्सिसायक्लिनसारखे औषध आठ वर्षांखालील मुलांना सहसा देत नाहीत. म्हणून निर्णय बालरोगतज्ज्ञाचाच असावा. पूर्ण बाह्यांचे कपडे, मच्छरदाणी आणि अंगाला लावायचे डासरोधक मलम यांना गोळ्यांमुळे सुट्टी मिळत नाही. अगदी लहान मुले असतील, तर दक्षिण आफ्रिकेतील मादिक्वे, पिलानेसबर्ग किंवा अॅडो हत्ती उद्यान ही हिवतापमुक्त क्षेत्रे अधिक निर्धोक. परतल्यानंतर काही महिन्यांनीसुद्धा ताप आल्यास डॉक्टरांना आफ्रिकेच्या प्रवासाची माहिती आवर्जून द्यावी. उपचारातील विलंब हाच या रोगात जिवावर बेततो.

केनियाने जानेवारी २०२४ पासून व्हिसाऐवजी प्रवासपूर्व इलेक्ट्रॉनिक परवानगीची पद्धत आणली. भारतीय प्रवाशांत मुलांसाठीही ती स्वतंत्रपणे घ्यावी लागते. मूल आई किंवा वडील यांपैकी एकासोबतच जात असेल, तर दुसऱ्या पालकाचे संमतीपत्र आणि मुलाचा जन्मदाखला जवळ ठेवणे शहाणपणाचे. आणखी एक तपशील मराठी घरांसाठी विशेष महत्त्वाचा : केनियात २०१७ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे आणि २०२० पासून संरक्षित क्षेत्रांत एकदाच वापरायच्या प्लास्टिक बाटल्याही चालत नाहीत. चिवडा-लाडू न्यायचे ते डब्यातून किंवा कापडी पिशवीतून न्यावेत. जेवणाची चिंता फारशी नसते. भारतीय वस्ती तेथे शतकाहून जुनी असल्याने चपाती हा शब्द आणि पदार्थ दोन्ही केनियाच्या रोजच्या आहारात सामावलेले आहेत.

मुलांचे वय आणि रानाचा कायदा

रानातील अनेक निवासस्थानांना कुंपण नसते. रात्री तंबूंच्या मधून पाणघोडे चरत जातात आणि जवळपासच्या ओढ्याकाठी बिबट्याही वावरतो. म्हणूनच अंधार पडल्यावर भोजनगृहापासून तंबूपर्यंतचे अंतर शंभर पावलांचे असले, तरी पहारेकऱ्याच्या सोबतीनेच जाण्याचा दंडक असतो. अनेक ठिकाणी सहा वर्षांखालील मुलांना उघड्या गाडीतील फेरीस घेत नाहीत. क्रुगरमध्ये पायी भ्रमंतीसाठी किमान वय बारा आहे. ही अट उगाच घातलेली नाही. लहानखुरा देह, अचानक धाव आणि चिरका आवाज या तिन्ही गोष्टी शिकारी प्राण्याचे लक्ष वेधून घेतात.

गाडीत बसलेल्या माणसांना सिंह सहसा गाडीपासून वेगळे ओळखत नाहीत. गाडी हा त्यांच्या परिचयाचा, निरुपद्रवी आकार असतो. कोणी उभे राहून बाहेर झुकले, हात हलवला किंवा खाली उतरले की तो आकार मोडतो. मुलांना नियमांची जंत्री वाचून दाखवण्यापेक्षा हे कारण सांगितलेले अधिक उपयोगी पडते. हत्तीने कान पसरून मान झटकली, तर तो इशारा असतो. अशा वेळी वाटाड्या गाडी मागे घेऊ लागल्यास छायाचित्रासाठी थांबण्याचा आग्रह धरू नये. लघुशंकेसाठी वाटेल तेथे उतरता येत नाही, हेही मुलांना आधीच सांगून ठेवावे.

पहाटेची फेरी साधारण सहा-साडेसहाला सुरू होते. जुलै-ऑगस्टमध्ये त्या वेळी चांगलीच थंडी असते आणि उघड्या गाडीतील वारा बोचतो. लोकरीचा कपडा व कानटोपी घेतल्याशिवाय मूल पहिल्या तासातच कंटाळते. सिंह दिवसातले वीस तासही झोपून काढतो, त्यामुळे सिंह दिसणे आणि सिंह काही करताना दिसणे यांत बरेच अंतर असते. मुलांच्या हाती दुर्बीण आणि पक्ष्यांची वही दिली, तर ती वाट पाहण्याची वेळ रिकामी जात नाही. लिलॅक ब्रेस्टेड रोलर हा तेथील निळा-जांभळा पक्षी आपल्याकडील नीलकंठाचा भाऊबंद. तो ओळखता आला की लांबच्या देशातले रान एकदम ओळखीचे वाटू लागते.

पाहण्याची किंमत

पर्यटकांच्या गर्दीचे परिणाम सर्वांत स्पष्टपणे दिसले ते चित्त्यांवर. सिंह व बिबटे बहुधा रात्री शिकार करतात. चित्ता मुख्यतः दिवसा करतो, म्हणजे नेमक्या पर्यटकांच्या वेळेत. मारातील चित्त्यांच्या माद्यांवरील एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. पर्यटकांची वर्दळ कमी असलेल्या भागातील मादीची एका वेतातील सरासरी दोनांहून अधिक पिल्ले जगून स्वतंत्र होत होती. दाट वर्दळीच्या भागात ही सरासरी एकापेक्षाही बरीच खाली होती. गाड्यांच्या वेढ्यात शिकार हुकते, मिळालेली शिकार सोडून द्यावी लागते, पिल्लांची ताटातूट होते. ज्या देशातून हा प्राणी नाहीसा झाल्याचे १९५२ मध्ये जाहीर झाले आणि ज्याने तो २०२२ मध्ये मध्य प्रदेशातील कुनो येथे आफ्रिकेतून पुन्हा आणला, त्या देशातील पर्यटकांना या आकड्यांचे मोल वेगळे सांगायला नको.

एका प्राण्याभोवती एका वेळी पाचच गाड्या आणि पुरेसे अंतर, असा नियम मारात आहे. तो मोडला जातो तो बहुधा प्रवाशांच्या दबावामुळे. बक्षिसीच्या आशेवर असलेला चालक ‘आणखी जवळ’ या विनंतीला नकार देऊ शकत नाही. गाडीत बसताक्षणी ‘घाई नाही, नियम पाळा’ असे कुटुंबप्रमुखाने सांगितले, तर चालकालाही तो दिलासाच असतो.

सिंहाचे शेजारी

डिसेंबर २०१५ मध्ये मारातील ‘मार्श प्राइड’ या सिंहकुटुंबावर विषप्रयोग झाला. दूरचित्रवाणी मालिकांमुळे जगभर परिचित झालेले हे कुटुंब. सिंहांनी गाई मारल्याच्या रागातून गुराख्यांनी जनावराच्या मृत शरीरावर विष टाकले आणि बिबी नावाची वृद्ध सिंहीण त्यात गेली. गोव्यातील वाचकाला ही कथा अपरिचित वाटणार नाही. जानेवारी २०२० मध्ये सत्तरी तालुक्यातील गोळावली परिसरात, म्हादई अभयारण्यात चार वाघ मृतावस्थेत आढळले होते. तेथेही गुरांचा बळी आणि त्यानंतरचे विष हाच क्रम होता. माळरान आफ्रिकेचे असो वा रान सह्याद्रीचे, गोठ्यातील जनावर गमावलेल्या माणसाचा प्रश्न सारखाच असतो : या प्राण्याच्या जगण्याचा भार मी एकट्याने का सोसावा?

मारात या प्रश्नाला एक उत्तर शोधण्याचा प्रयत्न झाला आहे. केनियातील बहुसंख्य वन्यप्राणी सरकारी उद्यानांच्या बाहेर, लोकांच्या जमिनींवर वावरतात. राखीव क्षेत्राच्या उत्तरेकडील सामायिक कुरणांची वाटणी होऊन ती मसाई कुटुंबांच्या वैयक्तिक मालकीची झाली, तेव्हा कुंपणे उभी राहण्याचा आणि प्राण्यांच्या वाटा तुटण्याचा धोका निर्माण झाला. त्यावर उपाय म्हणून अनेक कुटुंबांनी आपले लगतचे तुकडे एकत्र करून पर्यटन निवासांना भाड्याने दिले. ओलारे ओरोक हे २००६ चे आणि मारा नाबोइशो हे २०१० चे अशा लोकसंवर्धन क्षेत्रांपैकी होत. नाबोइशोत पाचशेच्या आसपास जमीनमालकांची सुमारे पन्नास हजार एकर भूमी एकत्र आली. मालकांना ठरलेले भाडे मिळते, गुरे पाळीपाळीने चारता येतात आणि किती तंबू व किती गाड्या यांवर मर्यादा असते. सिंह जिवंत असण्यात शेजाऱ्याचा प्रत्यक्ष वाटा निर्माण होतो.

ही रचना निर्दोष नाही. करोनाच्या साथीत पर्यटक आटले आणि भाडे कमी झाले, तेव्हा केवळ परदेशी पाहुण्यांवर उभ्या असलेल्या या व्यवस्थेचा कच्चा दुवा उघडा पडला. भाडे जमीनमालकाला मिळते. ज्याच्या नावावर जमीन नाही त्याला, आणि अनेकदा घरातील स्त्रियांना, त्याचा वाटा थेट पोहोचत नाही. तरीही विषाची बाटली आणि कुंपणाची तार यांच्या तुलनेत हा मार्ग आशादायी आहे.

मुलांना सांगावी अशी एक गोष्ट याच भूमीतली आहे. नैरोबी राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला राहणाऱ्या रिचर्ड तुरेरे या मसाई मुलाकडे घरची गुरे सांभाळण्याचे काम होते. विजेरी घेऊन चालत असता सिंह बिचकतात, हलत्या उजेडाला ते घाबरतात, हे त्याच्या लक्षात आले. जुनी बॅटरी, सौरपट्टी आणि दिवे जोडून त्याने आपोआप लुकलुकणारी दिव्यांची माळ गोठ्याभोवती लावली. तेव्हा तो अकरा वर्षांचा होता. त्याची ही युक्ती पुढे केनियात अनेक ठिकाणी वापरली गेली आणि २०१३ मध्ये टेडच्या व्यासपीठावर त्याने ती जगाला सांगितली.

आरक्षणापूर्वीचे प्रश्न

नारोक परगण्याच्या प्रशासनाने २०२४ पासून मारातील परदेशी प्रौढांचे प्रवेशशुल्क जानेवारी ते जून दिवसाला १०० डॉलर आणि जुलै ते डिसेंबर २०० डॉलर असे ठेवले. नऊ ते सतरा वयोगटासाठी ते ५० डॉलर असून त्याहून लहान मुलांना शुल्क नाही. दर बदलत असल्याने निघण्यापूर्वी खात्री करावी. चार जणांच्या कुटुंबासाठी हा खर्च मोठा आहे. म्हणूनच पर्यटन संस्थेला काही प्रश्न विचारण्याचा अधिकार प्रवाशाला आहे. निवास राखीव क्षेत्रात आहे, लोकसंवर्धन क्षेत्रात आहे की बाहेर? जमीनमालकांना भाडे मिळते का? वाटाडे स्थानिक आहेत का? गाडीत किती माणसे असतील आणि प्रत्येकाला खिडकी मिळेल का? मुलांसाठी किमान वय किती? जवळचे रुग्णालय किती लांब आहे आणि विमा रुग्णाला हवाईमार्गे नैरोबीला हलवण्याचा खर्च देतो का? या प्रश्नांना स्पष्ट उत्तरे न देणारी संस्था कितीही स्वस्त असली, तरी टाळावी.

मसाई वस्तीला भेट द्यायची असल्यास तिचे शुल्क किती आणि ते कोणाच्या हाती जाते हे आधी ठरवून घ्यावे. अनुमतीवाचून छायाचित्रे काढू नयेत. तेथील मुलांना गोळ्या-चॉकलेटे वाटण्याचा मोह आवरावा. त्यातून शाळेऐवजी पर्यटकांच्या गाडीमागे धावण्याची सवय लागते. मदत करायचीच असेल, तर ती शाळेमार्फत करावी.

म्हादई व परिसरात तीन महिन्यांत व्याघ्र प्रकल्प अधिसूचित करावा, असा आदेश मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने जुलै २०२३ मध्ये दिला आणि राज्य सरकारने त्यास सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले. या वादात वाघाचे काय होईल, याच्या जोडीला रानालगतच्या गावांचे काय होईल, हा प्रश्नही आहेच. मारातील गाडीत बसून सिंह पाहिलेल्या मुलाने परतल्यावर सत्तरीतील वाघ आणि तेथील गुराखी या दोघांविषयीही विचारले, तर त्या सफरीवरचा खर्च सार्थकी लागला असे म्हणता येईल.